दर रोलमध्ये काही फोटो बिघडतातच? आधी निगेटिव्ह हातात घ्या

रोल धुऊन येतो, स्कॅन उघडतो आणि पुन्हा तेच. काही फोटो सुरेख, काही काळपट, दोन-तीन अंधुक, एखाद्यावर नारिंगी पट्टा. पुढच्या रोललाही तसंच. मग सेल बदलून बघायचा, रोलची कंपनी बदलायची, लॅब बदलायची, आणि कशानेच फरक पडला नाही की कॅमेरा कपाटात टाकायचा. खिशात मावणाऱ्या ऑटोमॅटिक फिल्म कॅमेऱ्यांच्या नशिबी हे फार येतं. शटर किती वेळ उघडलं, फोकस कुठे लागला, फिल्मचा स्पीड (उजेड टिपण्याची तिची कुवत) काय धरला, यातलं काहीच हा कॅमेरा आपल्याला सांगत नाही. त्यामुळे दोष शोधायला धागाच सापडत नाही.

धागा निगेटिव्हमध्ये असतो. स्कॅनवरून निदान करायला जाऊ नका, कारण स्कॅनर प्रत्येक फ्रेमचा उजेड आपल्या परीने सारखा करतो. कमी उजेडात फसलेला फोटो तो ओढून-ताणून उजळ करतो आणि आपल्याला दिसतो तो दाणेदार, दुधाळ राखाडी फोटो. जास्त उजेड पडलेला फोटो तर बहुतेक वेळा ठीकच दिसतो. म्हणजे दोष दोन्हीकडे असतो, पण तक्रार एकाचीच होते. म्हणून रोल धुवायला देतानाच सांगा की निगेटिव्ह परत हवी. नंतर मागायला गेलं तर ती टाकून दिलेली असण्याची शक्यता असते.

फोनचा स्क्रीन पूर्ण पांढरा करा, उजेड वाढवा आणि निगेटिव्हची पट्टी स्क्रीनपासून दोन-तीन बोटं वर धरा. चिकटवून धरलीत तर स्क्रीनचे ठिपकेच दिसतील. आता फोटोंकडे नाही, आधी कडेकडे बघा. छिद्रांच्या रांगेलगत फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात. ते कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात आणि फिल्म धुतल्यावर फोटोंबरोबरच दिसायला लागतात. त्यामुळे या आकड्यांवरून लॅबचं काम कळतं. आकडे ठळक असतील तर धुलाई नीट झाली आहे. आकडेच नाहीत आणि सगळी पट्टी कोरी असेल, तर रसायनात गडबड झाली आहे, कॅमेऱ्याचा संबंध नाही. कडा, आकडे, छिद्रांभोवतीचा भाग सगळंच काळं असेल तर फिल्मला उघडा उजेड लागला आहे.

आकडे आहेत, फोटो एकही नाही

याचं सगळ्यात जास्त आढळणारं कारण साधं आहे: रोल पुढे सरकलाच नाही. आपण बटण दाबत राहिलो, आवाज येत राहिला, पण फिल्मचं टोक गुंडाळणाऱ्या दांड्यावर पकडलंच गेलं नव्हतं. अशी निगेटिव्ह नारिंगी, स्वच्छ आणि कोरी असते. फक्त सुरुवातीचं टोक काळं असतं, कारण ते रोल भरताना उजेडात होतं.

रोल भरताना डबी खाचेत सपाट बसली पाहिजे. टोक आतल्या लाल किंवा नारिंगी खुणेपर्यंत ओढा, त्यापुढे नाही. जास्त ओढलं तर मधे फिल्म फुगते आणि मोटर तिला पकडू शकत नाही. कमी ओढलं तर दांड्यापर्यंत पोचतच नाही. फुगलेली फिल्म डबीचा दांडा बोटाने उलटा फिरवून पुन्हा डबीत ओढून घ्या. झाकण लावण्याआधी फिल्मची छिद्रं दातांवर बसलीत का, ते डोळ्यांनी बघा. टोक दुमडलेलं किंवा छिद्रं फाटलेली असतील तर तेवढा तुकडा कात्रीने सरळ कापून टाका.

झाकण लावल्यावर मोटर फिरते आणि आकडा १ वर येतो. आकडा लुकलुकत असेल किंवा शून्यावरच थांबला असेल, तर उघडून पुन्हा भरा. काही मॉडेल मात्र वेगळी आहेत: ती सुरुवातीलाच अख्खा रोल बाहेर गुंडाळून घेतात आणि फोटो काढू तशी फिल्म डबीत परत जाते. अशा कॅमेऱ्यात आकडा ३६ पासून खाली उतरतो. ही पद्धत मला फार आवडते, कारण मधेच चुकून झाकण उघडलं तरी काढून झालेले फोटो डबीत सुरक्षित असतात. नेहमीच्या पद्धतीत उलट होतं. काढलेले फोटो बाहेर असतात आणि वरच्या वेढ्यांतले, म्हणजे नुकतेच काढलेले फोटो आधी जातात.

रोल नीट सरकला होता, तरीही फोटो नाहीत, तर शटर उघडत नाही असा संशय घ्या. रिकामा कॅमेरा मागून उघडा, खिडकीकडे धरा आणि मागच्या बाजूने आत बघत बटण दाबा. क्षणभर उजेडाचा ठिपका दिसला पाहिजे. काही कॅमेरे झाकण उघडं असताना किंवा रोल नसताना बटण घेतच नाहीत, म्हणून ठिपका दिसला नाही एवढ्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका.

काळपट फोटो, पातळ निगेटिव्ह

निगेटिव्हवर जिथे उजेड जास्त पडला तिथे ती दाट होते, जिथे कमी तिथे पातळ राहते. फ्रेम जवळपास पारदर्शक आणि सावलीतला तपशील गायब, म्हणजे उजेड कमी पडला. आता बघा की कुठले फोटो असे आहेत. घरातले, संध्याकाळचे, झूम केलेले? तर कॅमेरा बहुधा ठणठणीत आहे, त्याच्याकडून कुवतीबाहेरचं काम मागितलं गेलं आहे.

झूमचंच बघा. छोट्या झूम कॅमेऱ्याची लेन्स आत असताना अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, साधारण एफ ३.५ च्या आसपास असतं. लेन्स पूर्ण बाहेर काढली की ते एफ १० पर्यंत किंवा त्याहूनही लहान होतं (एफचा आकडा मोठा, तेवढं भोक लहान). एफ ३.५ आणि एफ १० यांच्यात उजेडाचा फरक जवळजवळ ८ पटींचा आहे. भर दुपारी उन्हात हे चालून जातं, ढगाळ दिवशी अवघड होतं आणि घरात तर जमतच नाही.

फ्लॅश आहे ना, असं वाटतं. पण त्याचा पल्ला छोटा असतो. अशा कॅमेऱ्यांच्या फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, आयएसओ १०० ला (आयएसओ म्हणजे फिल्मच्या स्पीडचा आकडा) मीटरमध्ये साधारण ११ धरा. या आकड्याला अ‍ॅपर्चरने भागलं की पल्ला मिळतो: एफ ३.५ ला ३ मीटर. आयएसओ ४०० चा रोल घातला तर पल्ला दुप्पट, म्हणजे ६ मीटर. तोच ४०० चा रोल आणि झूम पूर्ण बाहेर असेल तर मोजून सव्वादोन मीटर. हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाचा झूम करून घेतलेला फोटो काळा का येतो, त्याचं उत्तर या भागाकारात आहे. झूम आत घ्या आणि दोन पावलं पुढे जा. माझं ठाम मत आहे की झूम असलेला छोटा कॅमेरासुद्धा नव्वद टक्के वेळा झूम नसल्यासारखाच वापरावा.

चेहरा काळा आणि मागचं आकाश छान, असं असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. कॅमेऱ्याने आकाशाचा उजेड मोजला. विजेच्या चिन्हाचा 'फ्लॅश चालूच' हा मोड अशा वेळी भर दिवसाही लावायचा. आणि हो, बरेच कॅमेरे बंद करून चालू केले की फ्लॅशची निवड विसरतात. ओलिम्पस म्यू-२ चं झाकण सरकवून बंद केलं की फ्लॅश परत ऑटोवर येतो. दर वेळी नव्याने निवडणं एवढाच त्यावर उपाय आहे.

अंधुक फोटो: हात हलला की फोकस चुकला?

ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत, म्हणून इथे थोडं थांबू या. स्कॅन मोठा करा आणि फोटोत कुठेतरी काही धारदार आहे का ते शोधा. माणूस अंधुक आणि मागची भिंत, झाड, पाटी लख्ख, तर फोकस चुकला आहे. काहीच धारदार नाही आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने ओढल्यासारखे रेषा झालेत, तर हात हलला आहे.

आधी फोकस. ऑटोफोकसचा मोठ्या प्रमाणावर बनवलेला पहिला कॅमेरा कोनिका सी३५ एएफ, १९७७ चा. १९७९ मध्ये कॅननचा एएफ३५एम आला. त्यात कॅमेरा स्वतः इन्फ्रारेड किरण सोडतो आणि तो समोरच्या वस्तूवर आपटून कुठल्या कोनात परत येतो त्यावरून अंतर काढतो. पुढे असंख्य छोट्या कॅमेऱ्यांनी हीच पद्धत घेतली. ती अंधारातही चालते, हे तिचं बळ आहे. पण किरण जिथे आपटेल तेच अंतर ती खरं मानते. दोन माणसं शेजारी उभी असली तर चौकटीचा मध्य दोघांच्या मधल्या फटीत पडतो, किरण फटीतून निघून जातो आणि फोकस मागच्या भिंतीवर लागतो. गटाच्या फोटोंमध्ये हे इतकं घडतं की 'लेन्स गेली' अशा तक्रारी आल्या की मी सगळ्यात आधी तेच विचारतो: मधोमध कोण होतं?

उपाय सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण घाईत राहून जातो. एकाच्या चेहऱ्यावर मध्य ठेवा, बटण अर्धं दाबा, हिरवा दिवा स्थिर झाला की बोट तसंच ठेवून चौकट जुळवा, मग पूर्ण दाबा. दिवा लुकलुकत असेल तर बहुधा तुम्ही फार जवळ आहात. कमीत कमी अंतर प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. म्यू-२ ला ३५ सेंटिमीटर चालतं, पण पुष्कळ कॅमेऱ्यांना ६० सेंटिमीटर ते १ मीटर लागतं. ताटलीतल्या पदार्थाचा किंवा फुलाचा फोटो दर वेळी अंधुक येत असेल तर कारण इथेच सापडेल.

काच हा दुसरा शत्रू. गाडीच्या किंवा विमानाच्या खिडकीतून काढलेला डोंगर अंधुक येतो, कारण किरण काचेवरूनच परत फिरतो. डोंगराच्या चिन्हाचा मोड असेल तर तो लावा. त्यात फोकस लांबवर अडकवला जातो आणि फ्लॅशही बहुधा बंद राहतो. त्याशिवाय कॅमेऱ्याच्या पुढच्या छोट्या खिडक्या पुसत चला. लेन्स सगळेच पुसतात, फोकसच्या खिडक्यांवरचा बोटांचा तेलकटपणा तसाच राहतो. कॅमेरा धरताना डाव्या हाताचं बोट त्यांच्यावर येतं का, हे एकदा आरशासमोर उभं राहून बघा.

आता हललेला फोटो. हलका कॅमेरा, कमी उजेड आणि फ्लॅश बंद, हे तिन्ही जुळलं की शटर बराच वेळ उघडं राहतं. कोपर अंगाला टेका, खांबाला किंवा दारचौकटीला टेका, बटण ठोकू नका. पण समजा भर दिवसा, ४०० चा रोल असूनही फोटो हलतात आणि निगेटिव्ह मात्र गडद, दाट दिसते. ही जोडी दिसली की माझं लक्ष डबीकडे जातं.

डबीवरचे चंदेरी चौकोन

रोलच्या डबीवर काळे आणि चंदेरी चौकोन असतात: दोन रांगा, प्रत्येकीत सहा. हा डीएक्स कोड. कोडॅकने तो १९८३ मध्ये आणला. चंदेरी चौकोनातून वीज जाते, काळ्यातून जात नाही, आणि कॅमेऱ्याच्या आत डबीच्या खाचेत असलेल्या छोट्या पिना त्यावरून फिल्मचा स्पीड ओळखतात. पिनांवर मळ किंवा गंज बसला, की कॅमेऱ्याला कोड दिसत नाही आणि बरेच कॅमेरे अशा वेळी आयएसओ १०० धरून चालतात.

मग काय होतं? ४०० च्या रोलला १०० समजून कॅमेरा चौपट उजेड घेतो. रंगीत निगेटिव्ह तेवढा जास्तीचा उजेड पचवते, म्हणून रंग आणि उजेडाबद्दल कुणी तक्रार करत नाही. पण तो उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं राहिलं, म्हणून फोटो हलला. फ्लॅशही नको तिथे पेटायला लागला. दोष दिसतो हात हलल्याचा आणि असतो पिनांचा. स्लाइड फिल्ममध्ये (जिच्यावर निगेटिव्हऐवजी सरळ चित्रच उमटतं) मात्र ही चूक लपत नाही, फोटो सरळ पांढरा फटक पडतो.

कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घ्या आणि एकेक पिन हलकेच पुसा. काडीवर काळपट-हिरवट डाग येत असेल तर स्वच्छ येईपर्यंत काड्या बदला. पिना स्प्रिंगवर असतात, बोटाने दाबल्या की परत वर आल्या पाहिजेत. दाबलेली राहणारी पिन लाकडी काडीने अलगद हलवून मोकळी करा. डबीच्या बाजूलाही किंमतीच्या लेबलचा गोंद नसावा. हाताने भरलेल्या डब्यांवर कोडच नसतो, तिथे कॅमेऱ्याकडून योग्य स्पीडची अपेक्षाच ठेवता येत नाही.

नारिंगी पट्टे आणि लाल डाग

हे झाकणाच्या फटीतून आत आलेल्या उजेडाचं काम. फिल्मचा चकचकीत पाठीचा भाग मागच्या झाकणाकडे असतो. तिथून आलेला उजेड आधी लाल उजेड टिपणाऱ्या थरावर पडतो, म्हणून डाग लाल-नारिंगी दिसतो. निगेटिव्हवर तोच डाग काळा असतो. तो काळेपणा कुठपर्यंत गेला आहे ते बघा. छिद्रांवरून, दोन फ्रेमच्या मधल्या पट्टीवरून पसरला असेल, तर झाकण. फक्त फ्रेमच्या चौकटीत अडकला असेल तर उजेड पुढून, लेन्स किंवा शटरच्या बाजूने आला आहे, आणि ते दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे. एक लक्षात ठेवा: कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं. फोटोत डाग खालच्या बाजूला असेल, तर फट वरच्या बाजूला शोधा.

बिजागरीपाशी आणि रोलची डबी दिसावी म्हणून ठेवलेल्या खिडकीभोवती काळा फोम असतो. वीस-तीस वर्षांत तो कुजतो. नखाने हात लावला की काळा, डांबरासारखा चिकट लगदा बोटाला लागतो. असा लगदा दिसला तर वाट बघू नका, कारण त्याचे कण शटरवर आणि फिल्मवरही जातात. आधी खात्री करून घ्यायची असेल तर पुढच्या रोलच्या निम्म्या फोटोंसाठी खिडकी आणि झाकणाच्या सगळ्या फटी काळ्या इलेक्ट्रिकल टेपने बंद करा, मग टेप काढा. डाग दुसऱ्या निम्म्यातच आले तर उत्तर मिळालं.

जुना फोम काढताना लाकडी काडी तासून तिची पट्टीसारखी धार करा आणि अल्कोहोलने लगदा ओला करत करत खरवडा. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे कण खाली पडतील. शटरच्या पडद्याजवळ अल्कोहोल नको. नवीन पट्टी दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या बारीक फोमची पुरते. तिची चिकट बाजू थुंकीने किंवा पाण्याने ओली केली की ती लगेच पकडत नाही आणि जागेवर सरकवून बसवता येते. त्याहून जाड लावली तर झाकण लागत नाही, लागलं तर लॅचवर ताण येतो.

मधेच रिवाइंड, मधेच बंद

बाराव्या-पंधराव्या फोटोला मोटर उलटी फिरायला लागली, लेन्स बाहेरच अडकली, फ्लॅश तयार व्हायला फार वेळ लागतो: आधी सेल. सीआर१२३ए हा ३ व्होल्टचा लिथियम सेल शेवटपर्यंत व्होल्टेज टिकवतो आणि मग एकदम कोसळतो, म्हणून 'कालपर्यंत चालत होता' हे खरंच असतं. मल्टिमीटरवर ३ व्होल्ट दाखवलं म्हणून सेल चांगला ठरत नाही, मोटर आणि फ्लॅश ओढायला लागल्यावर तोच सेल गळपटतो. थंडीत हे लवकर होतं. सेल काढून खिशात गरम केला आणि कॅमेरा चालला, तर दोष कॅमेऱ्याचा नाही. त्याच मापाचा रिचार्जेबल सेल ३.७ व्होल्टचा आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. तो ३ व्होल्टच्या कॅमेऱ्यात घालू नका.

साध्या पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात पांढरा किंवा हिरवा थर दिसला, तर सेल गळला आहे. तो थर अल्कधर्मी असतो, म्हणून काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने, मग पूर्ण वाळू द्या. कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

रिवाइंड अर्ध्यावर थांबलं असेल तर झाकण उघडू नका. सेल बदलून, रिवाइंडचं खोलगट बटण टोकदार वस्तूने दाबून पाहा. तरीही मोटर फिरली नाही तर पूर्ण अंधाऱ्या खोलीत किंवा फिल्म बदलायच्या काळ्या पिशवीत फिल्म बाहेर काढा आणि डबीचा दांडा हाताने फिरवून आत घ्या.

यातलं सगळं करूनही मोटर, शटर किंवा स्क्रीन चालत नसेल, तर आतली लवचिक पट्टी किंवा सर्किट गेलं असण्याची शक्यता आहे. तिथे मी स्वतः स्क्रू काढायचा नाही असंच सांगेन. फ्लॅशच्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास वीज साठलेली असते आणि सेल काढल्यावरही ती बराच काळ तशीच राहते. दुरुस्तीला देताना कॅमेऱ्याबरोबर बिघडलेल्या फ्रेमच्या निगेटिव्हच्या पट्ट्या द्या आणि कुठला फोटो झूम करून, कुठला फ्लॅश लावून, कुठला खिडकीतून काढला ते कागदावर लिहून द्या.